सावकाश होऊ द्या

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी मुलखात पंगत बसली, पाने वाढून झाली आणि पहिला घास उचलण्याची वेळ आली, की यजमान हात जोडून एकच वाक्य बोलतो : "सावकाश होऊ द्या." या वाक्यात पक्वान्नांची यादी नाही, खर्चाचा उल्लेख नाही, आग्रहसुद्धा नाही. 'घरात आहे ते वाढले आहे, आता ते खायला लागेल तेवढा वेळही तुमचाच आहे', एवढेच यजमान सांगतो. अन्न वाढणे हे आतिथ्य खरेच, परंतु त्या अन्नासोबत वेळ वाढणे हे त्याहून मोठे आतिथ्य होय.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागील पन्नास वर्षांचा आढावा घेताना मंदिर, पाठशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची नोंद होते आणि ती होणे योग्यच आहे. मात्र या पन्नास वर्षांत घराघरात झालेला एक बदल कोणत्याही अहवालात येत नाही. तो म्हणजे जेवणाला मिळणारा वेळ आटत गेला. आहार या विषयावर समाजात चर्चा पुष्कळ होते. काय खावे, काय वर्ज्य करावे, कोणत्या तिथीला काय सोडावे, याविषयी प्रवचने होतात, पुस्तिका निघतात. कसे खावे, याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे : रोजचे, साधे, चांगले आणि निवांत जेवण.

पाहून खाणे

आचार्य उमास्वामींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'च्या सातव्या अध्यायात व्रतांचे विवेचन आहे. प्रत्येक व्रत स्थिर व्हावे म्हणून पाच-पाच भावना सांगितल्या आहेत. अहिंसाव्रताच्या भावनांमध्ये वचनगुप्ती, मनोगुप्ती, ईर्यासमिती आणि आदाननिक्षेपणसमिती यांच्यासोबत पाचवी भावना येते ती 'आलोकितपानभोजन'. आलोकित म्हणजे पाहिलेले, नीट अवलोकन केलेले. उजेडात डोळ्यांनी पाहून, मगच खाणे आणि पिणे, असा तिचा अर्थ.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भोजनाची ही शिकवण आरोग्याच्या प्रकरणात आलेली नाही, ती अहिंसेच्या प्रकरणात आली आहे. चालताना पायाखाली पाहणे, वस्तू उचलता-ठेवताना पाहणे आणि जेवताना ताटात पाहणे, या तिन्ही गोष्टी एकाच रांगेत बसवल्या आहेत. पाहण्यासाठी उजेड लागतो, तसा वेळही लागतो. धावणाऱ्या माणसाला वाटेवरची मुंगी दिसत नाही आणि घाईने गिळणाऱ्याला ताटातले काही दिसत नाही. म्हणून जेवणातील घाई ही पोटाची तक्रार होण्याआधी अवधानातील उणीव असते.

रात्रिभोजनत्यागाविषयी तरुण मंडळी एक प्रश्न नेहमी विचारतात. पूर्वी दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात किडे-पतंग दिसत नसत, म्हणून तो नियम झाला. आता घरोघरी विजेचे लख्ख दिवे आहेत, मग नियम कशाला ? प्रश्न प्रामाणिक आहे, त्यामुळे त्यावर रागावण्याचे कारण नाही. दिव्याच्या प्रकाशाकडे कीटक ओढले जातात, ही वस्तुस्थिती विजेच्या दिव्यानेही बदललेली नाही. पावसाळ्यातील एका संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून दिवा लावला की याचा प्रत्यय येतो. पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. आजच्या भोजनगृहात उजेड भरपूर आहे, पण डोळे ताटाकडे कुठे आहेत ? ते दूरदर्शनच्या पडद्यावर किंवा हातातील मोबाइलवर आहेत. उजवा हात घास तोंडात घालतो आणि डाव्या हाताचा अंगठा पडदा सरकवतो. जेवण संपल्यावर भाजी कोणती होती असे विचारले, तर क्षणभर आठवावे लागते. अशा जेवणाला, भर दुपारच्या उजेडात केले तरी, आलोकित म्हणणे कठीण आहे.

अंजलीतील आहार

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत 'स्थितिभोजन' आणि 'एकभुक्त' हे दोन मूलगुण आहेत. दिवसातून एकदाच, उभ्याने आणि हाताच्या ओंजळीत आहार घेणे. चातुर्मासात ज्या गावाला मुनिसंघाचे सान्निध्य लाभते, त्या गावातील लहान मुलांनीही आहाराचा तो प्रसंग पाहिलेला असतो. पहाटेपासून घरातील चुलीजवळ हालचाल सुरू होते. पाणी गाळले जाते, तापवले जाते. धान्य पुन्हा एकदा निवडले जाते. मुनिमहाराज दारी आले की पडगाहन होते आणि मग आहार सुरू होतो. दाता एक घास हातात घेतो, तो बोटांनी उलगडून पाहतो, शोधतो आणि मगच ओंजळीत ठेवतो. महाराजही तो पाहतात. त्यात केस वा जीव आढळला, तर अंतराय होतो आणि त्या दिवसाचा आहार तेथेच संपतो. पुढचा आहार दुसऱ्या दिवशी. म्हणून त्या खोलीत कोणी घाई करत नाही, कोणी मोठ्याने बोलत नाही, भांड्याचा आवाजही होऊ देत नाही.

या दृश्यात गृहस्थाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मुनी उभे असतात, तरी त्यांच्या भोजनात घाई नसते. गृहस्थ खुर्चीवर किंवा पाटावर ऐसपैस बसलेला असतो, तरी त्याचे जेवण पाच मिनिटांत आटोपते. मुनींसमोर सामग्री थोडी असते, पण प्रत्येक घासाकडे चार-सहा जणांचे लक्ष असते. गृहस्थाच्या ताटात पदार्थ अधिक असतात आणि लक्ष एकाचेही नसते. मुनींची चर्या गृहस्थाला झेपणारी नाही आणि ती त्याच्याकडून अपेक्षितही नाही. परंतु मुनींना आहार देताना जो हात इतका सावध होतो, तोच हात स्वतःच्या तोंडाकडे जाताना इतका बेफिकीर का व्हावा, हा प्रश्न प्रत्येक श्रावकाने स्वतःला विचारावा असा आहे.

एक घास कमी

बाह्य तपाचे सहा प्रकार शास्त्रात सांगितले आहेत. त्यांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते. यालाच ऊनोदरी असेही म्हणतात. भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, असा त्याचा सोपा अर्थ. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा, असे परंपरेने मान धरले आहे. त्यातून एक घास जरी कमी केला तरी अवमौदर्याचा प्रारंभ होतो. उपवासाचा गौरव समाजात मोठा होतो, मिरवणूक निघते, पारणे होते. अवमौदर्य करणाऱ्याची मिरवणूक कोणी काढत नाही, कारण ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. तरीही रोजच्या जीवनात हे तप उपवासापेक्षा अवघड आहे. उपवासात ताटच समोर नसते. येथे ताट समोर आहे, भूक आहे, अन्न चांगले आहे आणि तरी हात थांबवायचा आहे.

हा हात नेमका केव्हा थांबवावा, हे घाईने जेवणाऱ्याला कधीच कळत नाही. पोट भरत आल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोचण्यास साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. जो सात मिनिटांत जेवण उरकतो, त्याला ही जाणीव होते तेव्हा तो गरजेपेक्षा अधिक खाऊन हात धुऊन उठलेला असतो. मग जडपणा येतो, तो झोपेने वा चहाने घालवण्याचा प्रयत्न होतो. सावकाश जेवणाऱ्याला मात्र शरीर वेळेवर सूचना देते. अवमौदर्य साधायचे तर आधी सावकाशपणा साधावा लागतो.

चावण्याचेही तसेच आहे. ज्वारीची भाकरी आणि थोडे मीठ एवढेच घेऊन एक घास शांतपणे तीस-चाळीस वेळा चावून पाहावा. काही वेळाने तो गोड लागू लागतो. लाळेतील पाचक रस धान्यातील पिठूळ अंशाचे साखरेत रूपांतर करू लागतो, त्याची ती गोडी. पचनाचे काम तोंडातच सुरू होते. वाडवडील भाकरीला गोड म्हणत, ते उगाच नव्हे. ती गोडी आजही भाकरीत आहे. ती प्रकट होण्यापूर्वीच घास गिळला जातो, एवढेच.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. निवांतपणे, चव घेत जेवणे म्हणजे जिभेचे लाड करणे नव्हे काय ? रसपरित्याग हेदेखील एक बाह्य तप असताना चवीकडे लक्ष देण्याचा उपदेश विसंगत वाटू शकतो. परंतु अनुभव उलट आहे. घाईत असलेला माणूस तीव्र चवीचाच गुलाम होतो. झटपट जाणवेल असे अधिक तिखट, अधिक खारट, अधिक गोड त्याला हवे असते. साध्या वरणभाताची, ताज्या ताकाची, दोडक्याच्या भाजीची सौम्य चव कळण्यास थोडा अवकाश लागतो. ज्याला ती कळते त्याला लोणच्याची दुसरी फोड मागावीशी वाटत नाही. चव ओळखणे आणि चवीच्या आहारी जाणे यांत अंतर आहे, आणि ते सावकाश जेवणाऱ्याच्याच ध्यानी येते.

चांगले जेवण म्हणजे कोणते ?

चांगले जेवण म्हटले की अलीकडे पदार्थांची संख्या डोळ्यांसमोर येते. लग्नसमारंभात हातात ताटली घेऊन दहा ठिकाणी रांगेत उभे राहायचे, एकाच ताटलीत सगळे एकमेकांत मिसळायचे, उभ्याने धक्के चुकवत खायचे आणि निम्मे टाकून द्यायचे, याला मेजवानी म्हणण्याची रूढी पडली आहे. पंगतीत वाढपी विचारून वाढत असे. पानात काही टाकले तर शेजारचे वडीलधारे गृहस्थ नुसते पाहत आणि तेवढ्या पाहण्याने पान स्वच्छ होत असे.

जैन घराच्या परंपरेत अन्नाचा दर्जा पदार्थांच्या संख्येने ठरत नव्हता, तो शुद्धीने आणि ताजेपणाने ठरत होता. पिठाची मर्यादा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दळलेले पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि पावसाळ्यात तीन दिवस, अशी कालमर्यादा घालून दिलेली आहे. हवेत ओल जितकी अधिक, तितके पीठ लवकर बिघडते, त्यात जीवोत्पत्ती होते. हे निरीक्षण या नियमामागे आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिकांची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची. डाळ निवडणे, पीठ चाळणे, भाजी चिरताना आतून पाहणे, ही सारी कामे वेळ घेणारी आहेत. निवांत जेवणाचा आरंभ पानावर बसल्यावर होत नाही, तो सुपात धान्य घेतल्यावर होतो.

आज बाजारात हिरवा ठिपका असलेली शेकडो बंद पाकिटे मिळतात. त्यांतील काहींवर 'जैन' असा शब्दही छापलेला असतो. कांदा, लसूण, बटाटा नाही म्हणून ते पदार्थ चालतात, असा निर्वाळा दिला जातो. वर्ज्य वस्तू नसणे ही शुद्धीची पहिली पायरी आहे, परंतु ती शेवटची पायरी मानली जाऊ लागली आहे. सहा महिन्यांपूर्वी दळलेले, तळलेले आणि बांधलेले अन्न तीन दिवसांच्या पिठाच्या मर्यादेशी कसे जुळते, याचा विचार व्हायला हवा. प्रवासात, अडचणीत अशा पाकिटांचा उपयोग समजण्यासारखा आहे. मात्र ती रोजच्या स्वयंपाकाची जागा घेऊ लागली, तर परंपरेतील अक्षर उरेल आणि अर्थ निघून जाईल.

दूरदेशीचा एक प्रयत्न

सावकाश जेवणाची ही निकड आज जगभर जाणवू लागली आहे. इटलीची राजधानी रोम येथे १९८६ साली प्रसिद्ध 'स्पॅनिश पायऱ्यां'जवळ झटपट खाद्यपदार्थांच्या एका अमेरिकी साखळीची शाखा निघाली, तेव्हा तेथील नागरिकांनी निषेध केला. त्या वातावरणातून कार्लो पेत्रिनी यांच्या नेतृत्वाखाली 'स्लो फूड' ही चळवळ उभी राहिली. १९८९ मध्ये पॅरिस येथे तिचा जाहीरनामा अनेक देशांच्या प्रतिनिधींनी स्वीकारला. गोगलगाय हे तिचे बोधचिन्ह. गावोगावची धान्ये, भाज्या, बियाणे टिकावीत, शेतकऱ्याला योग्य दाम मिळावा आणि कुटुंबाने एकत्र बसून सावकाश जेवावे, असा तिचा आग्रह आहे.

ही चळवळ आणि जैन आहारविचार एकच आहेत, असे म्हणता येणार नाही. तेथे मांसाहार व मद्य वर्ज्य नाही आणि रसास्वादाला प्रथम स्थान आहे. येथे अहिंसा प्रथम आहे. तथापि अन्नाकडे न पाहता ते गिळणे हा अन्नाचा, ते पिकवणाऱ्याचा आणि रांधणाऱ्याचा अनादर आहे, या मुद्द्यावर दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात.

वैद्यकशास्त्रातही या दिशेने काम झाले आहे. शरीराच्या दैनंदिन घड्याळाची यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दिवस आणि रात्र यांनुसार शरीरातील क्रिया बदलतात आणि तेच अन्न सकाळी जितके सहज हाताळले जाते तितके रात्री हाताळले जात नाही, हे आता सर्वमान्य होत आहे. व्रताचे महत्त्व अशा प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. पण दिवसाउजेडी जेवणाऱ्या आजीला जुनाट म्हणणाऱ्या नातवाने ही माहिती ठेवावी, हे बरे.

सहाचा ठोका

आता मूळ अडचणीकडे वळले पाहिजे. शेतीवर जगणाऱ्या घराला सूर्य हेच घड्याळ होते. दक्षिण महाराष्ट्रातील गावोगावच्या जैन शेतकरी कुटुंबांत ऊन कलले की माणसे शेतातून परतत. उजेड असतानाच भाकरी थापली जाई, जेवणे होत, भांडी घासली जात आणि दिवेलागणीनंतर मंदिरात आरतीला जाण्यास सगळे मोकळे होत. आज त्याच घरातील मुलगा कारखान्यात दुसऱ्या पाळीला आहे, सून बँकेत आहे, नात शिकवणीला गेली आहे, दुकान रात्री नऊला बंद होते. कोल्हापूर-सांगलीकडे जुलैच्या आरंभी सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तर नोव्हेंबरअखेर सहाच्या आतच. काटेकोर नियम पाळणारे तर सूर्यास्तापूर्वी दोन घटिका आधी जेवण संपवतात. म्हणजे हिवाळ्यात पाच वाजून दहा मिनिटांनी हात धुवायचे. नोकरदार घराला हे कसे साधावे ?

ज्या घरांनी हा नियम सोडला नाही, तेथील संध्याकाळ पाहण्यासारखी असते. कोणत्याही एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पावणेसहा वाजले आहेत. सासरे पानावर बसले आहेत, मुले आत्ताच शाळेतून आली आहेत, मुलगा धापा टाकत गाडी लावून आत आला आहे. "लवकर, लवकर, पाचच मिनिटं राहिली," असा घोष चालला आहे. घास चावले जात नाहीत, पाण्याबरोबर ढकलले जातात. सून काटवटीत पीठ मळते आहे, एक भाकरी तव्यावर, एक निखाऱ्यावर शेकावी तशी गॅसवर, आणि वाढणेही तिच्याकडेच.

सासूबाई तिला म्हणतात, "अगं, तू पण ताट घे ना."

"तुम्ही बसा आई, मी मागाहून बसते."

"मागाहून म्हणजे कधी ? सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार आहे ?"

सून हसते आणि पुढची भाकरी थापते. सर्वांची जेवणे होतात. सूर्य मावळतो. तिचे ताट मात्र राहून जाते. मग ती "आज भूकच नव्हती" असे म्हणून पाणीही न पिता भांडी आवरायला घेते, किंवा भिंतीला टेकून उभ्याउभ्या, शेवटच्या उजेडात, गार भाकरीचे दोन घास घाईने खाते. घराचा नियम पाळला गेला, असे सर्वांना वाटते. वास्तविक तो सर्वांसाठी तिने पाळून दिला आणि त्याची किंमत तिने एकटीने मोजली.

पंगतीत प्रत्येकाला 'सावकाश होऊ द्या' असे म्हटले जाते. पिढ्यानुपिढ्या ते वाक्य जिच्या कानावर पडले, पण जिला उद्देशून फारसे कुणी म्हटले नाही, अशी एक व्यक्ती प्रत्येक घरात आहे. ती म्हणजे स्वयंपाक करणारी. अनशन हे तप स्वेच्छेने केले तर तप होय. इतरांच्या सोयीसाठी नकळत लादले गेलेले अनशन हे तप नव्हे. घरातील एका जिवाला रोज थोडी पीडा देऊन इतरांनी पाळलेला अहिंसेचा नियम अपुराच राहतो.

या संदर्भात एका थोर गृहिणीचे स्मरण उचित ठरेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीत जेवत. त्या पंगतीत धान्य कमी पडले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील मोडले. कर्मवीरांचे नाव घेताना महाराष्ट्र लक्ष्मीबाईंचेही नाव घेतो, ते यामुळेच. घरोघरच्या पंगतीमागे अशी एखादी लक्ष्मीबाई असते. तिचे नाव कोठे कोरले जात नाही. निदान तिचे ताट वेळेवर वाढले जावे.

काही साध्या गोष्टी

उपाय फार मोठे नाहीत. घरातील सर्वांनी मनावर घेतले तर ते उद्यापासून होण्याजोगे आहेत.

पहिली गोष्ट, संध्याकाळच्या जेवणात गरम भाकरी तव्यावरून पानात पडलीच पाहिजे, हा हट्ट सोडावा. भाकऱ्या पाचपर्यंत करून दुरडीत झाकून ठेवाव्यात. आमटी, भाजी, भात, ताक यांची भांडी मध्यभागी मांडावीत आणि ज्याने त्याने वाढून घ्यावे. स्वयंपाक करणारी व्यक्ती पानावर बसल्याखेरीज कोणी पहिला घास घेऊ नये, एवढा एक नियम घरातील ज्येष्ठ पुरुषाने घालावा आणि तो स्वतः पाळावा. संध्याकाळच्या जेवणात पदार्थ कमी करावेत. तीन पदार्थ सावकाश खाणे हे सहा पदार्थ घाईने खाण्याहून चांगले.

दुसरी गोष्ट, भाजी निवडणे, पाणी गाळणे, पाने मांडणे, ताटे उचलणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावीत. मुनींच्या आहाराच्या दिवशी घरातील पुरुष सोवळे नेसून आनंदाने ही सेवा करतात. म्हणजे ती त्यांना येते, हे सिद्धच आहे.

तिसरी गोष्ट, ज्यांना कामावरून सूर्यास्तापूर्वी घरी येणे शक्य नाही, त्यांनी दुसरा डबा सोबत न्यावा. साडेपाचला पंधरा मिनिटे बाजूला बसून, मोबाइल खिशात ठेवून, तो डबा शांतपणे खावा. धावतपळत घरी येऊन शेवटच्या क्षणी गिळण्यापेक्षा ते जेवण व्रताच्या अर्थाला अधिक जवळचे आहे. ज्यांना तेही जमत नाही, त्यांना टोमणे मारू नयेत. अष्टमी-चतुर्दशीपासून, किंवा चातुर्मासापुरता, प्रारंभ करणाऱ्याचे कौतुक करावे. टोमण्याने आजवर कोणाचे व्रत वाढलेले नाही.

चौथी गोष्ट, जेवणाचे पहिले पाच घास मौनाने घ्यावेत. मुलांना हा खेळ वाटतो आणि ती तो आवडीने खेळतात. पाच घासांनंतर हवे ते बोलावे. शाळेतील गंमत, शेतातील पाणी, दुकानातील अनुभव, सारे बोलावे. कुटुंब दिवसभरात एकत्र बसते ती हीच वेळ. मात्र भांडणाचा विषय, परीक्षेतील गुण आणि उधारीची आठवण पानावर काढू नये.

शेवटची गोष्ट संस्थांच्या संबंधातील आहे. समाजाचे अनेक कार्यक्रम सायंकाळी पाचला म्हणून जाहीर होतात, सत्कार लांबतात, आणि शेवटी पावणेसहाला 'सर्वांनी त्वरित भोजनास जावे' अशी घोषणा होते. मग दोनशे माणसे पंधरा मिनिटांत जेवण्याचा प्रयत्न करतात आणि स्वयंसेवक, स्वयंपाकी, वाढपी उपाशी राहतात. सभेचे एक भाषण कमी करावे, दोन सत्कार एकत्र करावेत, पण भोजनास एक पूर्ण तास राखून ठेवावा. ज्यांनी पंगत वाढली त्यांची पंगत सूर्यास्तापूर्वी बसली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कार्यक्रमपत्रिकेतच एका विश्वस्ताकडे सोपवावी. वक्त्यांनीही हे ध्यानात ठेवावे, हे सांगणे न लगे.

समारोप

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांत समाजाने पुष्कळ मिळवले. शिक्षण वाढले, व्यवसाय वाढले, घरे मोठी झाली. या मोठ्या घरात रोज वीस मिनिटे सर्वांनी एकत्र, उजेडात, पाहून आणि चावून जेवणे अशक्य असेल, तर मिळवलेल्या सर्व गोष्टींचा हिशेब पुन्हा एकदा मांडावा लागेल. अन्न साधे असावे, ते जाणीवपूर्वक रांधलेले असावे, त्याकडे पाहून ते खाल्ले जावे आणि रांधणाराही त्याच पंगतीत, त्याच उजेडात बसलेला असावा, एवढीच यातील मागणी आहे.

आज घरी गेल्यावर पाने मांडली जातील. त्या वेळी स्वयंपाकघरातील व्यक्तीला आधी हाक मारावी, तिचे पान आधी मांडावे, ती बसली की हात जोडून म्हणावे : "सावकाश होऊ द्या."

जय जिनेंद्र.